गोळीचा खोकला

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. अंध मुलांच्या ग्रंथालयासाठी मी शाळेतल्या जुन्या कविता वाचून ध्वनिमुद्रित करतोय, हे तुला कळवलंच होतं. काचेची छोटी खोली, भिंतींना जाड कापड, समोर माइक. डोळे मिटले की मी पुन्हा तिसरीच्या वर्गात असतो आणि बाकावरून ऊन सरकत असतं.

पण महिनाभर कोरडा खोकला लागलाय. कफ नाही, ताप नाही. घशात गवताची काडी फिरावी तशी नुसती खवखव. ओढ्याची कविता चालीवर म्हणायला घेतली की दुसऱ्या कडव्यात तो येतोच. आमचा रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडून हात वर करतो आणि यंत्र थांबवतो. परवा तो फार हळुवारपणे म्हणाला की संस्थेला महिनाअखेर पुस्तक हवंय, नाही जमलं तर एखादा तरुण आवाज बघू.

खरं सांगू? बाबांचंही असंच सुरू झालं होतं. डॉक्टरीणबाईंकडे मी फक्त प्रेशर मोजायला जातो, खोकल्याचं काढत नाही. त्या छातीचा फोटो काढायला लावतील आणि त्यात काय दिसेल ते मला बघायचं नाही. निदान एवढं पुस्तक पुरं होऊ दे.

मेव्हण्यांना नमस्कार. लोभ आहेच; तो या खोकल्याइतका चिवट राहो.

तुझा,
कविराज

दि. ८ फेब्रुवारी

चि. कविराज यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि तुझे कान हाताशी नाहीत याचं वाईट वाटलं. बाबा दिवसभर तंबाखू ओढायचे. तुला शेजाऱ्याच्या चुलीचा धूर सोसत नाही. कशाला कशाचं ठिगळ लावतोस?

आमच्या शेजारच्या शिंपीणबाईंना असाच खोकला प्रेशरच्या गोळीने आला होता. गोळी बदलली, खोकला गेला. तुझी गोळी डिसेंबरातच सुरू झाली ना? मग! माझी दुसऱ्या जातीची आहे, मला कधी साधा ठसका लागला नाही. एक पाकीट सोबत पाठवते, उद्यापासून ही घे. डॉक्टरला काय विचारायचंय? एका आईची लेकरं आपण.

इकडे ठीक. पाय तेवढे संध्याकाळी सुजतात, म्हणून मी तुझ्या मेव्हण्यांच्या चपला घालून फिरते आणि ते अनवाणी. वय झालं, दुसरं काय.

पत्र लिहीत जा, नाहीतर तिथे येऊन चमच्याने औषध पाजीन.

तुझी,
ताई

दि. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गोळ्या पोचल्या. तुझी घ्यावी तर डॉक्टरीणबाईंचं मन मोडतं, त्यांची घ्यावी तर तुझं. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, हे तू जाणतेस. म्हणून दोन्ही घेतल्या.

काल कविता संपवून खुर्चीतून उठलो तर काचेची खोलीच वाहायला लागली. डोळ्यांपुढे अंधारी. रेकॉर्डिंगवाल्याने धरलं आणि थेट दवाखान्यात नेलं.

प्रेशर बरंच खाली गेलं होतं. माझ्या खिशातलं तुझं पाकीट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, तुमचे एक डॉक्टर टपालाने येतात हे आधी सांगायचं. मग खोकल्याचंही सगळं काढून घेतलं आणि छातीचा फोटो काढलाच. फोटो स्वच्छ आहे, ताई. मी तो खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत बसलो.

शिंपीणबाईंचं खरं ठरलं. या जातीच्या गोळीने काहींना खोकला येतो. तोडगा मात्र तुझा चुकला: आपली गोळी मनाने सोडायची नाही आणि दुसऱ्याची घ्यायची नाही. आता जुनी बंद, तुझीही बंद. जवळजवळ तेच काम करणारी, पण सहसा खोकला न आणणारी नवी दिलीय. थोड्या दिवसांनी प्रेशर आणि रक्त तपासायचं. खोकला लगेच जाणार नाही, काही आठवडे रेंगाळेल म्हणतात. आणि महिनाअखेर तर दाराशी आली.

तुझ्या चपलांचं सांगितलं तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. तुझ्या जातीच्या गोळीने काहींचे पाय सुजतात, दुसरीही कारणं असू शकतात, म्हणून तुझ्या डॉक्टरांना दाखव. वयावर ढकलू नकोस.

रागापेक्षा लोभ जास्त असावा.

तुझा,
कविराज

दि. २७ फेब्रुवारी

चि. कविराज यास,
अ. उ. आ.

दुसऱ्या कुणी दोन्ही घेतल्या असत्या तर मूर्ख म्हटलं असतं. तुझ्या बाबतीत ते धरूनच चालते. पण पाठवल्या मी, हेही घरात रोज ऐकवलं जातंय.

डॉक्टरांकडे जाऊन आले. पायावर बोट दाबलं तर खळगा पडला. हृदय, मूत्रपिंडं तपासली, ती ठीक. माझीही गोळी बदलली. इतके दिवस बोलला का नाहीत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरी सगळे न बोलणारेच.

फोटो स्वच्छ आला, हे वाक्य मी तुझ्या मेव्हण्यांना दोनदा वाचून दाखवलं. एकदा त्यांना ऐकू आलं नाही म्हणून आणि एकदा मलाच ऐकायचं होतं म्हणून.

पुस्तकाचं काय झालं ते कळव.

तुझी,
ताई

दि. २२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

महिनाअखेर आली तेव्हा रेकॉर्डिंगवाल्याने संस्थेला परस्पर कळवून टाकलं की यंत्र दुरुस्तीला गेलंय, थोडं थांबा. यंत्र ठणठणीत होतं. दुरुस्तीला मी होतो.

खोकला कधी गेला ते कळलंच नाही. पाहुणा निरोप न घेता निघून जावा तसा. प्रेशर ठिकाणावर आहे, रक्तही ठीक. सोमवारी ओढ्याची कविता पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत एका दमात म्हटली. काचेपलीकडे हात वर झाला नाही. संपल्यावरही तो बराच वेळ बटण दाबायचं विसरून बसला होता.

पुस्तक पुरं झालं. मग त्याने कपाटातून पक्ष्यांवरचा एक जाडजूड ग्रंथ काढून पुढ्यात ठेवला. हा वाचायला दोन वर्षं तरी लागतील, तयारी आहे का, असं विचारलं. मी पहिलं पान उघडलं आणि माइक जवळ ओढला.

तेव्हा पुढची दोन वर्षं माझी पत्रं जरा आखूड येतील. गैरसमज नसावा, लोभ मात्र आखडता घेऊ नये.

तुझा,
कविराज