जुईलीच्या पाठवणीला मामा हवा

जांबे,
श्रावण, सन २००६

चिरंजीव गेणबास आक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझा डावा गुडघा काय म्हणतो? शारदाचा खोकला हटला का, की अजून अडुळसा उकळतेच आहे? विश्रामच्या धाकटीला दात आले का? (माझे चालले आहेत, तिला म्हणावं लागतील तर घेऊन जा.) ढवळी गाय मागे फुगली होती, तिलाही विचारलंय म्हणून सांग. आवणी उरकून तुझी खाचरं आता हिरवीगार झाली असतील. डोळे मिटले की मला ती दिसतात, आणि हल्ली मी डोळे फार मिटते.

माझ्या माडीवरच्या खोलीत जुईली नावाची मुलगी राहते. तुला ती ठाऊक नाही, कारण तीन वर्षं तू इकडे फिरकलाच नाहीस. (ते असो. ते शेवटी काढीन.) बीडकडची पोर. आई लहानपणीच गेली, मामा-मावशी कुणी नाही, वडील गावी. दिवसा हिंजवडीच्या कंपनीत काम करते आणि संध्याकाळी पुण्याला जाऊन जपानी भाषा शिकते. मी विचारलं, एवढ्या भाषा पडल्यात आणि जपानीच का गं बाई? तर म्हणाली, "आजी, कंपनीत तिकडचे पाहुणे आले होते. आपसात बोलून हसत होते. मला वाटलं, मी दाराबाहेर उभी आहे आणि आत काहीतरी छान चाललंय." मला लगेच पटलं. अक्षरओळख नव्हती तेव्हा वाण्याच्या गुळाच्या पुडीचा कागद बघून मला असंच व्हायचं. त्या पुड्या उलगडूनच तर मी वाचायला शिकले.

रात्रीची जेवणं झाली की आम्ही दोघी गच्चीवर बसतो. ती तिचे धडे म्हणते, मी ऐकते. कळत काहीच नाही, पण भिजवलेल्या चुरमुऱ्यांसारखी मऊ भाषा आहे, ऐकता ऐकता डोळा लागतो. तिच्या खोलीत जपानचं कॅलेंडर आहे. त्यात ज्येष्ठाच्या पानावर बायका चिखलात वाकून भाताची आवणी करताहेत. गेणबा, अगदी आपल्यासारख्या वाकलेल्या! मागे धुक्यातला डोंगर, बांधावर कुणाची तरी भाकरी फडक्यात ठेवलेली (भाकरी नसेल, पण काहीतरी ठेवलंय). आपल्या ओढ्याकाठच्या शेतावर इमारती झाल्या तेव्हा मला वाटलं होतं, शेत गेलं. आता वाटतं, गेलं कुठं नाही, जपानात जाऊन बसलंय.

तर तिथं वर्षभर राहून भाषा शिकायला तिकडचं सरकार शिष्यवृत्ती देतं. जुईलीनं अर्ज केला. गुडघे टेकून देवापुढे ठेवला आणि चार दिवस धड जेवली नाही. अर्जासोबत दोघांची पत्रं लागत होती. एक शिक्षकाचं, आणि एक, मुलगी माणूस म्हणून कशी आहे हे जाणणाऱ्याचं. पत्र बंद पाकिटात, मुलीनं बघायचं नाही. ती म्हणाली, "आजी, तुम्हीच लिहा."

आता मला सांग, मुलीबद्दल पत्र कसं लिहायचं हे मला कुणी शिकवायला हवं का? भावकीतल्या निम्म्या पोरींची स्थळं माझ्या पत्रांनी जुळली. परक्या घरी पोर धाडायची, तिचे गुण कळवायचे, काम तेच. मी लिहिलं : मुलगी निमगोरी, उंची बेताची, चष्मा आहे पण नजर स्वच्छ. पाणी जपून वापरते. उलट बोलत नाही, बोललीच तर लगेच चहा करून आणते. पत्रिकेत मंगळ नाही, घराण्यात कोर्टकचेरी नाही. देणंघेणं काही जमणार नाही, नारळ आणि मुलगी. अपेक्षा : दोन वेळ भात, थंडीत पांघरूण, आणि शिकून झालं की आमची मुलगी आम्हाला परत द्यावी.

तळमजल्यावर नागपूरचा साहिल राहतो, त्यानं इंग्रजी केलं. मध्येच थांबून म्हणाला, "आजी, मंगळाचं पण टाकू का बाप्पा?" मी म्हटलं, एक अक्षर गाळलंस तर उद्या टाकीत पाणी नाही. त्यानं मुकाट्यानं टाकलं.

मुंबईला मुलाखत झाली. संध्याकाळी पोर परत आली ती जिन्यातच कंबरेवर हात ठेवून उभी. "आजी! तुम्ही जपानशी माझं लग्न ठरवलंत?" मुलाखत घेणाऱ्यांत एक म्हातारे जपानी गृहस्थ होते. त्यांनी म्हणे माझं पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि शेवटची ओळ तिला वाचून दाखवली. त्यावर ही रडली. त्यांच्यापुढे! मग रडतरडतच जपानीत काहीतरी बोलली. काय बोलली ते मला सांगत नाही. मी त्या रात्री जेवले नाही. पोरीचं घर मांडायच्या आधीच मी मोडलं असं वाटलं.

परवा होकार आला. ती म्हणते मार्कांवर मिळाली. मी म्हणते, मार्कांवर तर मार्कांवर.

गणपती उठले की ती जाणार. मी ठरवलंय, पोर नुसती बॅग उचलून जाणार नाही. रीतीनं पाठवणी करायची. शारदाला व पोरांना आशीर्वाद.

तुझी,
सगुणाआक्का

ता. क. ओटीला दुकानचे तांदूळ मी घालणार नाही. तुझ्या खाचरातले, मागच्या वर्षीचे आंबेमोहर लागतील.

ता. क. दुसरा. तांदूळ कुणाच्या हाती धाडू नकोस. स्वतः आण. स्थळाच्या पत्रात मामकूळ लिहावं लागतं. तिला मामा नाही, आणि मोकळी जागा बरी दिसेना, म्हणून मी तुझं नाव घातलं : गेणबा, कासार आंबोली, बागायतदार. तेव्हा जपान सरकारच्या दप्तरी तू मामा झालेला आहेस, आणि पाठवणीला मामा पाठीशी उभा राहावा लागतो.

शेत विकून त्या पैशात मी हे घर बांधायला काढलं त्या दिवशी तू म्हणाला होतास, "आक्का, त्या शिमिटावर म्या पाय न्हाई ठेवायचा." नको ठेवूस. चपला घालून ये, पाय टेकणार नाहीत. वर गच्चीत तुला कॅलेंडर दाखवीन, त्यात आपलं शेत आहे.

चार ओळी लगेच खरडून पाठव. नाही म्हणालास तर मला जपानला कळवावं लागेल की मामा रुसलाय, आणि ते इंग्रजीत लिहायला साहिल तयार नाही.