पातेल्याने पाहिलेली दरी

चँडलर, मंगळवार

ती. सौ. नीलाताईस,

धाकट्या दिगंबरचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात). फ्रिस्कोला लेकाकडे तुझी शुगर आणि भावोजींचा उत्साह, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. फोन न करता ईमेल लिहितो आहे, कारण फोन स्वयंपाकघरात ऐकू जातो.

इथल्या जगप्रसिद्ध दरीच्या शनिवारच्या दर्शनाचा बेत असा. तुम्ही दोघं, भावोजींचे बंधू यतीनराव आणि त्यांच्या सौ., असे चार पाहुणे. सारथ्य माझं, नकाशा आमच्या अदितीकडे. पहाटे पाचला प्रस्थान, नऊला पहिला कडा, मग कडे पाहत पाहत सूर्यास्त. (वाळवंटात सावली दुर्मिळ, शौचालय अतिदुर्मिळ. भावोजींना चहाबद्दल आत्ताच बजाव.) इथवर बेत निर्दोष होता. मग त्यात जेवण शिरलं.

अकरा वर्षांत आम्ही सहा वेळा पाहुण्यांना ती दरी दाखवली आणि सहाही वेळा तुझी भावजय राधिका घरी राहिली. आमची गाडी सात जणांची. डिकी पाण्याच्या बाटल्यांनी भरते. राधिका आदल्या दिवशी "थोडंसं बरोबर असू दे" म्हणून रांधायला घेते आणि ते थोडंसं रात्रीत इतकं वाढतं, की सातवी सीट त्यालाच द्यावी लागते. परिणामी आमच्या मोठ्या पातेल्याने दरी सहा वेळा पाहिली, रांधणारीने एकदाही नाही. (अन्न हे ब्रह्म, मान्य. पण ब्रह्माला सीटबेल्ट लावावा लागतो, हे आमच्या शास्त्रीबुवांनी कधी शिकवलं नाही.)

काल म्हटलं, या खेपेला तू चल. "आणि पाहुणे काय दगड खातील?" अदिती म्हणाली, "आई, देअर इज अ कॅफे!" "त्या कॅफेत थालीपीठ मिळतं का गं?" अदितीने फोनवर शोधलं. मिळत नव्हतं. राधिका विजयी मुद्रेने भाजणीकडे वळली. पण जाता जाता फ्रिजवरचा दरीचा फोटो तिने हळूच सरळ केला. ते मी पाहिलं.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
दिगंबर

ता. क. : खरं काम हे. शनिवारी तुम्हा चौघांना कडकडीत उपास आहे, असं राधिकेला कळव. कसला, ते भावोजी सांगतील. पातेलं घरी राहील, ती येईल.

ता. क. २ : कळवू नकोस. मीच बोलून गेलो. दोन किलो साबुदाणा, वरी, रताळी, राजगिरा, अशी यादी हातात पडली आहे. साध्या जेवणाला एक पातेलं लागतं, उपासाला तीन.

ता. क. ३ : तोडगा निघाला. पातेली जाऊ देत, मी घरी थांबतो, माझ्या जागी गाडी राधिका चालवेल. (माझ्याहून बरी चालवते, भावोजींना हे घाट उतरल्यावर सांग.) तिची एकच शंका : "मागे तुम्ही खाणार काय? साधी खिचडी तरी येते का?" येते, असं ठणकावून सांगून बसलो आहे. आज रात्री ती करून दाखवायची आहे, तरच ती येणार. ताई, तांदूळ आधी की डाळ, आणि पाणी किती, हे संध्याकाळच्या आत कळव.