सुटलेले दोन शब्द

चि. ठोक्यास,

तू माझा फोन तीन वेळा मध्येच ठेवलास, म्हणून हे पत्र. पत्रही मध्येच ठेवता येतं, पण ते लिहिणाऱ्याला दिसत नाही, आणि या वयात मला तेवढं समाधान पुरे आहे. आशीर्वाद नेहमीचे. माझी तब्येत बरी आहे. तुझा रक्तदाब, तुझ्या बायकोचा गुडघा आणि तुझा स्वभाव या तिन्हींची विचारपूस केली असं समज. पहिल्या दोहोंवर औषध चालू आहे हे मला माहीत आहे.

तुझा हुकूम असा : तुझ्याकडे शिकायला ठेवलेल्या नातीचं ते गाण्याचं सामान ताब्यात घे, कॉलेज पुरे झालं म्हणून सांग आणि तिला रविवारच्या गाडीत बसवून दे. आता हे सगळं कशावरून सुरू झालं ते तू फोनवर अर्धंच ऐकलंस (पहिल्या अर्ध्यातच तू ओरडायला लागलास), तेव्हा पूर्ण वाच.

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी दुपारी, मी लोकरीचा कोट काढायला कपड्यांचं कपाट उघडायला गेले, तर कपाट बोलत होतं. अगदी स्पष्ट. तू कुठल्या गल्लीत राहतोस ते मला ठाऊक आहे, तुझी वेळ भरली आहे, असं काहीसं. मी एकतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला आहे, कपाटाला घाबरणार नाही. कोपऱ्यातली छत्री घेतली, दार उघडलं आणि दिसलं त्याच्यावर एक ठेवून दिली. ती तुझी नात निघाली. माझ्या दोन कोटांच्या मधोमध उकिडवी बसलेली, एका हातात फोन, दुसऱ्या हातात माइक आणि डांबरगोळ्यांच्या वासाने डोळ्यांतून पाणी. खांदा चोळत ती मला समजावून सांगायला लागली की कपडे आवाजाचा घुमारा पिऊन टाकतात, स्टुडिओ परवडत नाही, म्हणून कपाट. मी म्हटलं, आधी बाहेर ये आणि कोट टांग.

त्याच संध्याकाळी तिचे तीन साथीदार आले. तिघांच्या तोंडावर काळं फडकं, डोक्यावर टोपी, फक्त डोळे उघडे. (तुला फोनवर हे सांगितल्यापासून तू 'टोळी' हा शब्द वापरतो आहेस.) मी त्यांना हात धुवायला लावून घरातल्याच जुन्या क्लासच्या खोलीत बाकावर बसवलं आणि फडकी काढायला सांगितलं. एक चष्मेवाल्याचा मुलगा, एक नर्सिंग शिकणारी मुलगी आणि तिसरा इतका लाजाळू की फडकं काढल्यावर त्याला बोलताच येईना. त्याला परत बांधू दिलं.

हे संगीत, म्हणजे ठेक्यावर भरभर बोलायचं गाणं, काय आहे ते तिने मला समजावलं. मी टिपून घेतलं, कारण नीट माहिती असल्याशिवाय नापास करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी, परक्या देशातल्या एका मोठ्या शहराच्या गरीब वस्तीत सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी हे सुरू केलं. घरातच, साध्या कॅमेऱ्यापुढे उभं राहून, आपल्या गल्लीचं नाव घेऊन. त्यात रक्त, सूड, मेलेले मित्र, सगळं आहे, कारण त्यांच्या गल्लीत ते होतं. मग ते समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात गेलं. तिथल्या पोरांनी ठेका बदलला, खालचा सूर घसरगुंडीवरून सोडल्यासारखा घसरता केला, तो ठेका उलट समुद्र ओलांडून गेला, आणि आता प्रत्येक भाषेत कोणी ना कोणी आपल्या गल्लीचं नाव घेतंय. त्यांचे कपडे, त्यांची फडकी, त्यांचे हातवारेही सगळीकडे गेले. ज्यांच्या गल्लीत काहीच घडत नाही तेही सुडाची भाषा बोलतात. तुझी नातसुद्धा. (तिला आजवर कोणी मारलं असेल तर मीच, छत्रीने.)

तू म्हणालास, काय बरळते ते शब्दशः लिहून पाठव. ठीक. मी पेन्सिलीला टोक काढलं, शॉर्टहँडची वही घेतली आणि क्लासच्या दाराआड उभी राहिले. ठोक्या, तुला आजवर कोणी सांगितलं नसेल ते सांगते : मी मागे पडले. मिनिटाला एकशेवीस शब्दांची परीक्षा मी एकही चूक न करता दिली होती, मंत्र्यांची भाषणं घेतली होती, एका तोतऱ्या न्यायाधीशाचा निकाल घेतला होता. आणि ही पोरगी दुसऱ्या ओळीतच माझ्या पुढे निघून गेली. मी दार ढकलून आत गेले आणि म्हटलं, पुन्हा म्हण. ती बिचारी हळू म्हणायला लागली. मी म्हटलं, हळू नको, तेवढ्याच वेगाने.

मग आठवडाभर दुपारी तीन ते चार हाच कार्यक्रम. ती बोलायची, मी घ्यायची, मग वाचून दाखवायची. वाचताना कळलं की निम्म्या ओळी उसन्या आहेत. मी लाल पेन्सिलीने खुणा केल्या : हा सुरा तू पाहिला आहेस का? हा मित्र कधी मेला? नसेल तर काढ. तू उभी आहेस त्या गल्लीचं लिही. दोन दिवस तोंड फुगवून बसली. तिसऱ्या दिवशी आमच्या घरमालकावर बारा ओळी घेऊन आली. पाण्याच्या टाकीला त्याने लावलेलं कुलूप, खालच्या शिंपीणबाई बादली घेऊन जिन्यात उभ्या, आणि किल्ली त्याच्या कमरेला. ठेका तोच, घसरता सूर तोच. माझा पाय हलत होता हे चष्मेवाल्याच्या मुलाने पाहिलं. मी त्याला खिडकी लावायला पाठवलं.

शुद्ध प्रत काढायला मी कागद यंत्रात घातला, तेव्हा तिने विचारलं की हे कशासाठी. खोटं बोलायची मला सवय नाही, तुझा हुकूम सांगून टाकला. तिने सांगितलं की त्या परक्या देशांत कोर्टात अशी गाणी पुरावा म्हणून वाचून दाखवतात आणि पोरं तुरुंगात जातात. मग माझ्या वहीकडे बघून, अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "म्हणजे आजी, तू पण पुराव्यासाठीच लिहीत होतीस."

मी कागद काढून घेतला.

तुला आपली गच्ची आठवते? चुन्याने पांढरे झालेले कठडे, वाळत घातलेल्या चादरी, आणि त्यांच्या आड तू आणि तुझे तीन दोस्त, पत्र्याच्या रिकाम्या डब्यांवर ठोकत. बाबा तुला ठोक्या म्हणायचे ते रागाने, आई म्हणायची ते कौतुकाने. तू सोळा वर्षांचा होतास. तू हेडमास्तरांवर गाणं केलं होतंस, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या तराजूवर केलं होतंस, नावानिशी, आणि चादरी वाऱ्याने फुगायच्या तेव्हा तुझा आवाज त्यांच्यात अडकून राहिल्यासारखा वाटायचा. त्यानंतर मी कुणाला इतक्या मजेत चिडलेलं पाहिलं नाही. मग एके दिवशी बाबांनी तुझी गाण्यांची वही शेगडीत घातली आणि तुला मामाच्या गोदामात कामाला पाठवलं. तू परत आलास तेव्हा टेबलावरसुद्धा बोटं वाजवत नव्हतास.

असो. तिला माझ्या डिक्टेशनच्या जुन्या कॅसेट सापडल्या. आता गाण्यात मागे माझ्या टाइपरायटरची टकटक आहे, ओळ संपली की घंटी आहे, आणि मध्ये मध्ये माझा तीस वर्षांपूर्वीचा आवाज म्हणतो, "चूक. पुन्हा." गाणं फोनवरून फिरलं. औषधांच्या दुकानातली पोरं मला सुटे परत देताना "चूक. पुन्हा." म्हणतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतःच आजी झालेली, फोनवर रडली. म्हणाली, बाई, तुमचा आवाज ऐकून पाठ आपोआप ताठ झाली. घरमालकाने कुलूप काढलं आहे. अर्थात ते गाण्यामुळे नाही असं तो जिन्यात प्रत्येकाला थांबवून सांगतो.

हे संगीत मला आवडत नाही. ते कर्कश आहे. मुलगी मात्र इथेच राहील, कॉलेज पूर्ण करील, आणि सामान तिच्याजवळच राहील. हे पत्र तुला सोमवारी मिळेल, म्हणजे रविवारची गाडी गेलेली असेल. हे मी मुद्दाम केलं असं तुला वाटेल. बरोबर वाटेल.

तुझी,
ताई

ता.क. बाबांना तुझी गाणी कशी कळली हे तू कधी विचारलं नाहीस. मी नुकतीच शॉर्टहँड शिकले होते. त्यांनी सांगितलं, गच्चीवर काय चालतं ते शब्दशः लिहून आण. मी चादरीआड बसून लिहिलं, आणि शाबासकी मिळाली म्हणून खूशही झाले. या वेळी कपाटाचं तुला कळवलं तेही मीच. दोन्हींबद्दल क्षमा माग, असं मी माझ्या विद्यार्थिनींना सांगितलं असतं. मागते.

ता.क. २. बाबांनी तुझी वही जाळली, मी काढलेली शुद्ध प्रतही जाळली. माझी शॉर्टहँडची वही जाळली नाही, कारण त्या रेघोट्या घरात कुणालाच वाचता येत नव्हत्या. ती इतकी वर्षं माझ्या ट्रंकेत होती. सात गाणी आहेत. परवा सगळी टाइप केली. फक्त चौथ्या गाण्यात, वाण्याच्या तराजूनंतर, दोन शब्द सुटले आहेत. तेव्हाही मी मागेच पडले होते, एवढंच की कुणाला सांगितलं नाही. तेवढे दोन शब्द कळव. पत्र त्यासाठीच लिहिलं. मुलगी तुझी गाणी म्हणायला बसली आहे ती तिथेच अडली आहे, आणि आठवत नसतील तर डबा घेऊन बस, हात सांगतील.

नोंद. आज शुक्रवारी दुपारी चार वाजता धाकट्या भावाच्या नातीच्या ताब्यात दिलं : शॉर्टहँडची जुनी वही एक, पाने चाळीस, पेन्सिलीने लिहिलेली, दोन पाने पाण्याने फुगलेली. त्या वहीची टाइप केलेली प्रत एक, दोन शब्दांची जागा मोकळी ठेवून. कपड्यांच्या कपाटाची किल्ली एक. मिळालं म्हणून तिची सही घेतली आहे.