चौथा चौकोन लाल

३ जून
रुजू झाले एकदाची! खिडकीजवळचं टेबल, फुकट चहा, आणि आईचं हॉस्पिटल दोन गल्ल्यांवर. दुपारच्या सुट्टीत जाऊन तिला दटावून आले. छाती बरीच मोकळी झाली आहे. श्वासयंत्राचा मास्क घटकाभर काढला की बडबड सुरू.

काम झकास. अशा श्वासयंत्रांचा प्रोग्राम आमची कंपनी लिहिते. त्यात कुणी काही बदललं, की तो प्रोग्रामिंग भाषेच्या चार ते आठ अशा पाचही आवृत्त्यांवर आपोआप तपासला जातो. पडद्यावर पाच चौकोन, चौथा ते आठवा : बरोबर तर हिरवा, चूक तर लाल. चौथा तेवढा कायम लाल. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, चालतंय, चौथी आवृत्ती कोण वापरतं आता! त्यांना सगळे चालतंयसाहेबच म्हणतात.

५ जून
मला मेलीला गप्प बसवेल तर शपथ! तो लाल चौकोन उघडलाच. आत एकच ओळ : खाट ३, अपेक्षित श्वास १८, मिळाले ०. आता, तपासणीतला रुग्ण खोटा असतो, त्याला कुठली आलीय खाट? कुणीतरी चेष्टा केली असणार.

दुपारी गेले, तर आईच्या वॉर्डातली तीन नंबरची खाट रिकामी. तिथले आजोबा सकाळी वारले म्हणे.

६ जून
दहा वाजता पडद्यावर खाट ७. सातच्या बाई अकराला गेल्या. सिस्टरनीच सांगितलं. आईच्या यंत्रामागे वाकून पाहिलं. चिकटपट्टीवर लिहिलंय, आवृत्ती चार.

चालतंयसाहेबांना गदागदा हलवायचं तेवढं बाकी ठेवलं. ते म्हणाले, डोकं ठिकाणावर ठेव, आपली तपासणी हॉस्पिटलला जोडलेलीच नाही. खरंच नाही. मी वायरसुद्धा शोधली.

९ जून, दहा
खाट ११. आईची.
धावत गेले. यंत्र काढा म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, रात्रीपासून दम वाढलाय, काढलं तर त्या तासभरही काढणार नाहीत. सिस्टरच्या पाया पडून आईला चौदावर हलवलं. आई कुरकुरली, खिडकी गेली म्हणून.
परत आले. पडद्यावर खाट १४.

साडेदहा
तपासणीतली ओळच बदलली. अपेक्षित श्वास १८ होते, तिथे ० केले. उत्तर जुळेना की आम्ही हेच करतो, अपेक्षाच बदलतो. चौथा हिरवा झाला!

पावणेअकरा
काय करून बसले मी — शून्य अपेक्षित, म्हणजे श्वास न येणं हेच आता बरोबर —
बाकीच्या आवृत्त्यांवर तरी अठराच येतील. ते चौकोन लाल व्हायलाच हवेत. पाचवा हिरवा, म्हणजे तिथेही शून्य.
परत १८ लिहिलं, पण सुरू झालेली तपासणी थांबत नाही — सहावा हिरवा —
हॉस्पिटलचा फोन वाजतोय. घेणार नाही. सातवा —
देवा, एक तरी लाल कर. आठवा अजून फिरतोय. आई, श्वास घे, आई गं, एकच श्वा