बरोबरीत सोडवलेली कुस्ती

आबा,

परवा सिरसाळ्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर दोन म्हातारे तुमच्यावरून भांडत होते. एक म्हणत होता, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही त्या सालाच्या आधीच तुम्ही कुस्ती सोडायला हवी होती. दुसरा म्हणत होता, गड्यात अजून लई दम होता. मी तुमचा मुलगा, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी चहा संपवून उठलो. आता माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयाच्या बरंच पुढं गेलंय, पण हा प्रश्न मला कुणी विचारला तर मी अजून इकडंतिकडं बघतो.

ते साल मात्र नीट आठवतं. पाऊस नाही, ऊस नाही, तोडीला जाणारी घरं दिवाळीआधीच कुलपं लावून निघून गेलेली. तुम्ही सहकारी साखर कारखान्याचे पैलवान. कागदावर वॉचमन, पण गेटवर तुम्हाला कुणी उभं पाहिलं नाही. दूध संघातून तुमच्या खुराकाचं दूध यायचं, तेही बंद झालं, कारण जनावरं छावणीत वाळका चारा चघळत होती. तरी चेअरमन म्हणाले, जत्रेचं मैदान होणार आणि मानाची शेवटची कुस्ती तुमचीच लागणार. दुष्काळात माणसांना बघायला काहीतरी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक नव्हतं.

आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही ताटावर बसलाय, मान एका बाजूला कललेली. ती तुमच्याकडं न बघता बोलतेय. "बीडच्या डाक्टरनं काय सांगितलं? मणका सरकलाय. आन औंदा माती दगडावानी हाय. प्यायला पाणी न्हाई, मातीत कुठून घालतेत? तुमाला कावून कळंना?" तुम्ही म्हणता, "एवढी जत्रा होऊ दे." "गेल्या सालीबी हेच म्हनलते." मग ती म्हणते, "मान मोडली म्हंजी घास मलाच भरवायचाय. माझ्यासाठी तरी सोडा आता." हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती. मला कळायला लागल्यापासून मी ते ऐकत आलो होतो. तुम्ही अर्धी भाकरी तशीच ठेवून उठलात आणि तालमीकडं गेलात.

मैदानात धूळच धूळ. जोड होता चकलांब्याकडचा, ऊसतोड्याचा पोरगा, अंगानं तुमच्यापेक्षा हलका. सलामी झाली, तुम्ही मानेवर पकड घेतली, आणि माझ्या लक्षात आलं की तुमचा श्वास आधीच लागलाय. पोरानं खाली वाकून पट काढला, दोन्ही पाय ओढले, तुम्ही पडलात, त्यानं तुम्हाला उलटं केलं. एक खांदा मातीला लागला. दुसरा वीतभर वर, आणि खाली चाललेला. आपल्याकडं पाठ पुरती टेकल्याशिवाय कुस्ती निकाली होत नाही, आणि टेकायच्या आत पंचांनी सोडवली तर ती बरोबरीची. पंच तुमचे जुने दोस्त. ते मधे घुसले आणि दोन्ही हात वर केले. "बरोबरीत!" हलग्या वाजल्या. चेअरमन माईकवर म्हणाले, वाघ तो वाघच.

तुम्ही धूळ झटकली नाहीत. पंचांचा हात धरून विचारलंत, "बरोबरी कोन म्हनलं?" ते हसले, म्हणाले, "आरं, तुझी इज्जत राखली." तुम्ही सरळ जाऊन मातीत उताणे झालात, दोन्ही खांदे टेकवून. पोराला म्हणालात, "ये, बस छातीवर. तुझी कुस्ती हाय ही." ते पोरगं पाया पडायला लागलं. तुम्ही दरडावलंत, "बस म्हनलं ना बे." ते बसलं, रडतच. हलग्या थांबल्या. मग तुम्ही उठून त्याचा हात वर धरलात आणि त्याला मैदानभर फिरवलंत. त्यानंतर अंगाला माती लावली नाहीत.

घरी आईनं टँकरचं राखून ठेवलेलं पाणी तापवलं होतं. मी दारात होतो. तुम्ही म्हणालात, "सोडली." तिनं विचारलं, "माझं ऐकलंत?" तुम्ही म्हणालात, "हं." पुढं मरेपर्यंत ती बायाबापड्यांना सांगायची, मालकांनी माझा शब्द राखला. गाव ऐकून घ्यायचं.

तुम्ही मातीत आडवे झालात तेव्हा माझी छाती फुगली, असं मी लोकांना सांगत आलो. तसं काही झालं नव्हतं. मला तुमचा राग आला होता. आईनं इतकी वर्षं विनवलं ते तुम्हाला ऐकू गेलं नाही, आणि परक्या पोराचा हक्क पापणी लवायच्या आत कळला. पंचांचं खोटं तुम्हाला घटकाभर सोसलं नाही, आईला मात्र तुम्ही तेच "हं" जन्मभर पुरवलंत. ती माया होती की नुसता कंटाळा, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही होतात तेव्हा विचारलं नाही. आणि आता हे पत्र पोचवायची काही सोय असती, तरी मी ते पाठवलं नसतं. तुम्ही खरं उत्तर दिलं असतं.