उजवा डोळा आणि घरबसल्या लायसन

४ नोव्हें.
लायसनची मुदत पुढच्या महिन्यात संपते. पोरं नेतो त्या व्हॅनचे कागद शाळेनं मागितलेत. दर खेपेला यवतमाळचं आरटीओ, रांग, अख्खा दिवस बुडाला. यंदा मात्र मीच यवतमाळची वाट पाहत होतो. तिथं कुणी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावेल, निकाल तिथंच लागेल, मला ठरवावं लागणार नाही. पावसाळ्यापासून उजव्या डोळ्यासमोर धुकं आहे. कुसुमलाही सांगितलं नाही. तीस वर्षांत बायकोपासून लपवलेली ही दुसरी गोष्ट. पहिली बिडी, ती तिनं आठ दिवसांत पकडली होती.

६ नोव्हें.
बोरीच्या सेवा केंद्रात गेलो. तिथं कॉम्प्युटरवर बसणारी पोरगी, प्रणाली, म्हणे, "काका, यवतमाळले कायले जाता? आता सरकारनं घरबसल्या केलं ना समदं. आधार टाका, ओटीपी सांगा. डॉक्टरचं सर्टिफिकेट ते सोताच ऑनलाइन चढवतात."
"अन् डोळे कोण पाह्यते?"
"डॉक्टरच."
म्हणजे आपले गावातलेच डॉक्टर. त्यांची पोरगी सई माझ्याच व्हॅननं दारव्ह्याच्या शाळेत जाते. मागं बसलेला एक जण म्हणाला, बरं झालं, झंझट गेली. त्याची गेली असेल.

८ नोव्हें.
दवाखान्यात तापाचे पेशंट दारापर्यंत. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काही त्रास?"
सांगणार होतो. शपथेवर लिहितो, सांगणार होतो. तोंडातून निघालं, "नाही."
"तुमचे डोळे काय तपासायचे, काका. पोरगी रोज तुमच्याच भरवशावर पाठवून राह्यलो मी." कॉम्प्युटरवर दोन-चार बटणं दाबली, झालं. वर चहा पाजला. कुणी इतका विश्वास ठेवला की खोटं बोलायलाही मेहनत पडत नाही. लाज वाटली. अजून वाटते.

११ नोव्हें.
व्हॅनमध्ये आमचा एक खेळ आहे. समोरून काय येतं ते जो आधी सांगेल, तो दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर. पोरांना वाटतं काका गमत्या आहे. खेळ जूनमध्ये काढला, आणि कशासाठी काढला ते मलाच माहीत. जिंकते बहुतेक सईच.
आज वळणावर कापसाची ट्रॉली. गाठोडी दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. सई ओरडली, "कापूस!" तेव्हा मी डावीकडे ओढलं. ताडपत्री आरसा घासून गेली. पोरं हसली. पुढं थांबून आरसा सरळ केला, पाणी प्यालो.
उतरताना सई म्हणाली, "काका, तुमाले दिसलं नव्हतं ना?"
"दिसलं होतं वं."
"मंग मी सांगेपर्यंत काहून थांबले होते?"
तिसरीतली पोर.

१२ नोव्हें.
व्हॅन काढली नाही. जुलाब झाल्याचं कळवलं. कुसुमनं भात-ताक पुढं ठेवलं, थोडा वेळ पाहत बसली. "पोट त बरं दिसते. कोठं दुखून राह्यलं ते सांगा."
सांगितलं. तिनं तळहातानं माझा डावा डोळा झाकला, दुसरा हात समोर धरला. किती बोटं?
"दोन."
हात खाली घेतला.
"किती होती?"
"जेवून घ्या आंधी."

१३ नोव्हें.
गेलो. कुणाला सांगणार, पंधरा घरची पोरं दारात दप्तर घेऊन उभी असतात. बैलगाडीच्या चालीनं नेली, प्रार्थना चुकली. खेळ बंद, म्हटलं. पोरं रुसली. सई न विचारता पुढं बसली आणि सगळी वाट हळू आवाजात सांगत राहिली. ट्रॅक्टर. बकऱ्या. एसटी. मला रडू येत होतं, ते एक बरं की येताना दोन्ही डोळ्यांत सारखंच आलं.

१५ नोव्हें.
मेसेज आला. अर्ज मंजूर. लायसन पोस्टानं घरी येईल. कुसुमला वाचून दाखवला. ती म्हणाली, "सरकारनं नाही पाह्यलं. आपुन त पाह्यलं ना." मोतीबिंदू असेल, ऑपरेशननं जाईल, असंही म्हणाली. असेल. आणि नसला तर? छप्पन्नाव्या वर्षी मला गाडीशिवाय काय येतं...

१७ नोव्हें.
संध्याकाळी दवाखान्यात जाऊन नंबर लावला. डॉक्टर हसून म्हणाले, "आलं का लायसन?"
म्हटलं, "डॉक्टर, उजवा डोळा तपासा. आता तपासा."
त्यांनी दार लोटून घेतलं. बॅटरी मारली. इकडे पाहा, तिकडे पाहा. डावा डोळा झाका, भिंतीवरचं वाचा. वरचं मोठं अक्षरसुद्धा मी अंदाजानंच सांगितलं. बॅटरी बंद करून त्यांनी टेबलावर ठेवली. मला वाटलं, डोळ्याचं काहीतरी सांगतील.
त्यांनी विचारलं, "सई कधीपासून तुमच्याजवळ पुढं बसते?"
"जूनपासून."
खुर्चीत बसले. सर्टिफिकेट त्यांच्या नावाचं, खोटं माझं, आणि दोघंही जमिनीकडे पाहत होतो. उद्या सातला सईला घ्यायला यायचं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.