हायवेपलीकडची भाऊबीज

चि. निमिष,

काल शाळेच्या मीटिंगमध्ये माईक धरून म्हणालास, "हायवेपलीकडची मुलं आली, की आमच्या शाळेचा दर्जा घसरेल." अरे, पलीकडेच तुझी सख्खी भाची, माझी अनया, राहते ना? मीटिंगमध्ये मागच्या रांगेत माझ्याशेजारीच बसली होती. काळी-गोरी पोरं एकत्र शिकवा, असं इथं अमेरिकेत सुप्रीम कोर्टानं माझ्या जन्माआधीच सांगितलंय, आणि तुम्ही आत्ता ते अडवायला वकील लावताय! वर म्हणतोस, "ताई, अनयाबद्दल नव्हतं ते." मग कुणाबद्दल, तिच्या काळ्या मैत्रिणींबद्दल?

भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो. तू दर वर्षी मलाच बोलावतोस. इकडे पार्किंग नाही म्हणे! यंदा ओवाळणीचं ताट इथंच मांडणार.

हे पत्र टाकणार नाही. मी न सांगता हायवे ओलांडतोस का, तेच बघायचंय.

तुझी चिडलेली,
ताई